भिंगरीचं पहिलं कार्ड

४ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय फक्त वर्ग, काम आणि स्वतःची प्रगती. दुसऱ्यांबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही.

नवीन बाई आज पुन्हा लवकर आल्या होत्या. उगाच.

आमच्या वर्गातली मुलं बोलत नाहीत, चित्रांची कार्डं देऊन मागतात. बिस्किटाचं कार्ड हातात ठेवलं की बिस्किट द्यायचं, लगेच. 'आधी नीट बस, मग देतो' असलं काही नाही. मागितलं की मिळतं हे कळलं, तरच मूल पुन्हा मागतं. हा नियम या शाळेत मी आणला. आणि आता सगळी मुलं कार्डं घेऊन जातात कुणाकडे? नवीन बाईंकडे. मी शेजारी हात पुढे करून बसलेलो असलो तरी. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. (बाईंना येऊन वर्ष होत आलं. पण म्हण म्हणजे म्हण.)

एकटी भिंगरी उरली आहे. दिवसभर स्वतःभोवती फिरते म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिनं अजून कुणालाही आपणहून कार्ड दिलेलं नाही. पाठीमागून कुणीतरी हात धरून द्यायला लावावं लागतं. तिची आई न्यायला आली की दारातूनच भुवया उंचावून विचारते. मी नकारार्थी मान हलवतो. ती म्हणते, असू दे, उद्या. हे 'उद्या' ऐकवत नाही.

संकल्प: भिंगरीचं पहिलं कार्ड मला मिळालं पाहिजे. अर्थात मुलीच्या भल्यासाठी.

६ सप्टेंबर, बुधवार
शाळा सुटल्यावर थांबून कार्डांची फेररचना केली. पूर्वी एकच फळा होता, सगळ्यांचा मिळून. अशास्त्रीय. आता दोन. माझ्या खुर्चीजवळ 'आवड' विभाग: बिस्किट, साबणाचे फुगे, झोका, गाणं, गुदगुल्या. बाईंच्या खुर्चीजवळ 'गरज' विभाग: हात धुवायचे, थांब, नको, दुखतंय, शू.

मोठ्या बाईंना विभागणी फार आवडली. नवीन बाईंनी एवढंच विचारलं की मूल तुमच्याजवळ असताना त्याला शू आली तर? काही लोकांना चांगल्यात खोट काढायची सवयच असते.

७ सप्टेंबर, गुरुवार
अभूतपूर्व यश! मुलांची माझ्याकडे रीघ. बाई रिकाम्या बसून कात्रीनं काहीतरी कापत होत्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी पाच-सहा वेळा पाहिला.

दुपारपर्यंत फुगे उडवून डोकं गरगरलं. गुदगुल्या करून कंबर धरली. बिस्किटं संपली, पण नियम माझाच, म्हणून माझा डबा उघडला.

मग एक किरकोळ घटना. एकाला शू आली. माझ्या फळ्यावर शूचं कार्ड नाही, म्हणून जे होतं ते त्यानं दिलं. फुगे. मी फुगे उडवले. त्यानं पुन्हा फुगे दिले. मी पुन्हा उडवले. बूट खिडकीत वाळत घातले आहेत.

८ सप्टेंबर, शुक्रवार
बायकोला बूट कसे भिजले ते सांगावं लागलं. तिचं म्हणणं, मी त्या बाईंवर जळतो. मी? त्यांना माझ्या निम्मासुद्धा अनुभव नाही! अशा माणसावर कोण जळेल? हे मी जेवताना शांतपणे समजावून सांगितलं. भाजी गार झाली म्हणून तिनं दोनदा आठवण करून दिली.

११ सप्टेंबर, सोमवार
भिंगरी दिवसभर बाईंच्या फळ्यापाशी. तिथं ना बिस्किट, ना झोका. गाढवाला गुळाची चव काय! (मुलीला गाढव म्हटलेलं नाही. म्हण आहे.)

बाईंनी त्या फळ्यावर एक नवं कार्ड लावलं. मला न विचारता. म्हणाल्या, भिंगरी कान केव्हा झाकते याच्यावर त्या लक्ष ठेवून होत्या. कान काय, अर्धा वर्ग झाकतो. कार्ड मी बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी प्रात्यक्षिक ठेवलं आहे. भिंगरीच्या आईला बोलावलं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून येणार. मोठ्या बाईही असतील. भिंगरीला झोका जीव की प्राण. झोक्याचं कार्ड अगदी माझ्या गुडघ्याजवळ लावलं आहे. ती येणारच.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
आई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, मांडीवरची पिशवी घट्ट धरून. मी प्रास्ताविक सुरू केलं. विभागणी, तिच्यामागचा विचार, माझा अनुभव, मग पुन्हा विभागणी. भिंगरी कान झाकून गरागरा फिरत होती.

मध्येच ती थांबली. बाईंच्या फळ्यावरचं एक कार्ड तिनं ओढून काढलं. बाई तिथंच होत्या. त्यांना ओलांडून, आईला ओलांडून ती सरळ माझ्याकडे आली आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. मागून कुणी हात धरलेला नव्हता!

मी कार्ड उंच धरलं. म्हणालो, पाहा, आपणहून, आणि कुणाला दिलं तेही पाहा. यावरून माझ्या पद्धतीबद्दल तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली सांगायला लागलो.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, मागितलंय तिनं. द्यायला हवं."

तेव्हा कार्ड नीट पाहिलं. ओठांवर बोट ठेवलेला चेहरा.

मी गप्प बसलो. नियमच आहे.

भिंगरीनं कानावरचे हात काढले. फिरली नाही. आईजवळ गेली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं. आई आवाज न करता रडत होती. मलाही भरून आलं होतं, पण सांगायची सोय नव्हती.

१८ सप्टेंबर, सोमवार
आज भिंगरीनं पुन्हा आपणहून कार्ड दिलं. सकाळी मी 'गुड मॉर्निंग' म्हणालो तेव्हा एकदा, आणि दुपारी गाणं सुरू केलं तेव्हा एकदा. कार्ड तेच, पण दोन्ही वेळा मलाच. नवीन बाईंना अजून एकदाही नाही. जळत असतील बिचाऱ्या.