दादाच्या वाटणीची अंडी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकटे,

सकाळी दादाचा भाड्याचा पलंग दुकानवाल्यांनी परत नेला. नेताना चाक उंबऱ्याला अडकलं, दाराच्या रंगाचा टवका उडाला. मग मी खोली पुसली. दुपारी तुझं पार्सल आलं, प्रोटीन पावडरचे दोन डबे. तुझा दादा असताना तू मागवलेले, पोचले आज. आता काय करू त्यांचं, तूच सांग.

रोज फोनवर तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "अल्ब्युमिन किती?" त्याला झोप लागली का, हे नाही. आकडा उतरला की माझी हजेरी घ्यायचीस. "वहिनी, अंड्याचं पांढरं तरी घाल त्याच्या पोटात. होत नसेल तर मी येऊन राहते." तो असताना आलीस मात्र नाहीस. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते यकृतात तयार होतं, आणि या कॅन्सरात शरीर स्वतःलाच खात सुटतं. चार घास वाढवून आकडा वर येत नाही. तो असा उतरत गेला की हाताशी वेळ थोडा आहे, एवढं समजायचं. हे तुला किती वेळा सांगितलं. तुझं आपलं एकच, "डॉक्टर काहीही सांगतात. आमच्या ऑफिसातल्या एकीचे सासरे अंड्यांवर उठून बसले." मला वाद घालता येत नाही, हे तुम्हा दोघा भावंडांच्या चांगलंच पथ्यावर पडलं.

परवा सांत्वनाला आलेल्यांनी भरलेल्या घरात तू कुणालातरी म्हणालीस, "दादाचा सापळा झाला, वहिनी मात्र चांगली भरलीये." मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्या मागेच उभी होते.

भरलेय, खरं आहे. सगळ्या कपड्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या. त्याला अंड्याच्या वासानंच ढवळायचं. पण तुझ्या फोनची वेळ झाली की तो बशी माझ्याकडे सरकवायचा. "खा गं तू. मी खोटं बोललो की धाकटीला लगेच कळतं. बशी रिकामी झाली म्हणेन, ते तरी खरं." मग मी खायचे, तो तुला बशी रिकामी झाल्याचं सांगायचा, आणि तू खूश झालीस की त्याच्याही घशाखाली दोन घोट पाणी उतरायचं. म्हणून मीही खात राहिले. त्याला मी उपाशी ठेवलं नाही. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं, फोनवर तू बोलू दिलं नसतंस. आत्ताही सवयीनं दोन अंडी उकडून ठेवली आहेत. सोलते आणि खाते.

तुझीच,
वहिनी