गॅलरीतली आदरसंहिता

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी

ही वही मी हौसेने उघडलेली नाही. आज ह्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "शालन, तुला जे काही सांगायचंय ते लिहून ठेव. मला चहा पिऊ दे." म्हणून लिहिते आहे.

सांगायचं होतं ते असं. हे नास्तिक. समोरच्या फ्लॅटमधले ज्योतीराम तापकीर माळकरी. दोघांची सगळी नोकरी एकाच कंपनीत, एकाच मशीन शॉपमध्ये आणि कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर झाली. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमच्या गॅलरीत चहा, आणि देव आहे की नाही यावर आरडाओरडा. आज ज्योतीराम म्हणाले, "लक्ष्या, तुझ्या एका मशीनला ऑपरेटर लागत व्हता, आन् एवढ्या जगाला न्हाई व्हय?" हे म्हणाले, "ऑपरेटर असता तर इतका माल रिजेक्ट निघाला नसता. पहिला पीस तूच." ज्योतीराम म्हणाले, "मर आन् ये वर. गेटवर मीच बसलेला असंन. गेटपास इचारीन." हे म्हणाले, "नसला तरी येणार. आत तू एकटा कुणाशी भांडशील?" यावर दोघे इतक्या मोठ्याने हसले की वरच्या मजल्यावरची मिनल खाली आली. ती घरून काम करते. म्हणाली, काकू, क्लायंट विचारतोय, तुमच्याकडे काही झालंय का.

लाज वाटली. बी.ए.ला माझा तर्कशास्त्र विषय होता. श्रद्धावानाने नास्तिकाचा आणि नास्तिकाने श्रद्धावानाचा आदर राखून वाद घालावा, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं. या दोघांना सत्तरीत कळत नाही.

संकल्प: महिनाभरात गॅलरीत परस्पर आदर. हे काम मीच करू शकते, कारण मी तटस्थ आहे. (संध्याकाळी दिवा लावते तो सवय म्हणून.)

१३ जानेवारी, मंगळवार

चहा देतानाच नियम सांगितले. अरे-तुरे बंद. टोमणे बंद. एक बोलत असताना दुसऱ्याने कप खाली ठेवून ऐकायचं. बोलायच्या आधी "आपल्या भावनांचा आदर राखून" असं म्हणायचं.

ज्योतीरामांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी झाडाकडे पाहिलं. विरोध कोणीच केला नाही. माणसांना शिस्त हवीच असते, कोणी लावत नाही इतकंच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत आणि एकादशी

दर एकादशीला हे ज्योतीरामांना स्कूटरवरून आळंदीला नेतात. ज्योतीरामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडी चालवू देत नाहीत. नास्तिक माणूस तिथे जाऊन काय करतो, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. हे चहाच्या टपरीवर पेपर वाचत असतील असं मी गृहीत धरलं होतं.

आज मंजुळाबाई, म्हणजे ज्योतीरामांच्या सौ., तिळगूळ घेऊन आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "भावजी भाइर चपला राखत बसत्यात, शालनताई. म्हनत्यात, माझा देवावर इस्वास न्हाई आन् चपलाचोरावर बी न्हाई."

त्या हसल्या. मी हसले नाही. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला देवळाबाहेर चपला राखायला बसवायचं? हा त्याच्या विचारांचा अपमान आहे. हे बोलणार नाहीत, सोसतील. मलाच लक्ष घातलं पाहिजे.

१५ जानेवारी, गुरुवार

लक्ष घातलं.

हे दूध आणायला गेले असताना ज्योतीरामांना शांतपणे सांगितलं की ह्यांना तिथे बसायचा संकोच वाटतो. ज्योतीराम म्हणाले, "लक्ष्या असं बोल्ला?" मी म्हणाले, बोलले नाहीत, पण मी ओळखते. ज्योतीरामांनी उपरणं झटकलं, परत खांद्यावर घातलं आणि म्हणाले, "बराय वैनी."

एका बाजूलाच सांगणं पक्षपात झाला असता. म्हणून रात्री जेवताना ह्यांनाही सांगितलं, की तुमच्या थट्टेने ज्योतीरामांच्या श्रद्धेला लागतं, ते मनाला लावून घेतात. हे म्हणाले, "ज्योत्या?" मी म्हणाले, ज्योतीराम म्हणा. हे म्हणाले, "ते तुझ्याकडे बोलले?" मी म्हणाले, अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. ह्यांनी ताटातला दुसरा तिळाचा लाडू परत डब्यात ठेवला.

दोन्ही बाजूंना समान न्याय. आता शांत झोप लागेल.

१९ जानेवारी, सोमवार

अपेक्षेपेक्षा जास्त यश.

आज ज्योतीराम म्हणाले, "लक्ष्मणराव, आपल्या भावनांचा आदर राखून, देव आहे असं आमी म्हनतो." हे म्हणाले, "असेलही." ज्योतीराम म्हणाले, "नसंल बी." हे म्हणाले, "नाही नाही, आपण म्हणता तर असेल." ज्योतीराम म्हणाले, "न्हाई, आपला बी अभ्यास हाय."

इतक्या वर्षांचा वाद चहा निवायच्या आत मिटला. पुढे दोघे रस्त्यावरची बस बघत बसले. ज्योतीरामांनी अर्धा कप तसाच ठेवला. साखर कमी पडली असावी.

२२ जानेवारी, गुरुवार

सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं की प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर मला थोडा वेळ द्या. विषय: "श्रद्धा आणि नास्तिकता: परस्पर आदराचा आमच्या मजल्यावरील प्रयोग." भाषणानंतर दोघांचं प्रात्यक्षिक. सेक्रेटरी म्हणाले, काकू, नंतर जिलेबी आहे, आटोपतं घ्या.

ज्योतीराम हल्ली उशिरा येतात आणि लवकर जातात. दुसऱ्याच्या वेळेचा आदर.

२६ जानेवारी, सोमवार

माझं भाषण चांगलं झालं. प्रात्यक्षिक थोडक्यात झालं. दोघांनी एकमेकांना हात जोडले, "आपण आधी बोला", "न्हाई, आपन", "आपण", "आपन", आणि मग दोघेही बोलले नाहीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण तेवढ्यात जिलेबी आली.

जिन्यात मिनलने विचारलं, काकांचं आणि तापकीरकाकांचं काही बिनसलंय का? जमिनीबिमिनीचं? मी समजावलं की याला आदर म्हणतात. ती म्हणाली, "काकू, मी मीटिंग म्यूट करून ऐकायचे हो त्यांचं. त्या दिवशी मी तक्रार नव्हते करत. क्लायंट हसत होता म्हणून सांगायला आले होते."

हे तिने तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. आजकाल संभाषणकौशल्य शिकवतच नाहीत.

२९ जानेवारी, गुरुवार. एकादशी

ह्यांनी सकाळी स्कूटर पुसली. दोन्ही हेल्मेट घेऊन खाली जाऊन उभे राहिले. मी गॅलरीतून बघत होते. बराच वेळ उभे होते. वॉचमनशी बोलले, टायर दाबून पाहिले, परत उभे.

मंजुळाबाईंना विचारलं. ज्योतीराम पहाटेच पीएमपीच्या बसने एकटे गेले. "भावजींना तरास नको म्हनले. अनवानीच गेलेत, चपला कोन बघनार म्हनले."

मी खाली जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." हेल्मेट वर आणून ठेवली.

स्कूटर स्वच्छ झाली, हा फायदा.

३१ जानेवारी, शनिवार

दोन दिवस ज्योतीराम आलेले नाहीत. तळव्याला काच लागलीय म्हणे. मी हळद पाठवली. ह्यांना म्हणाले, जाऊन बघून या. हे म्हणाले, "त्यांना आवडेल का?" त्यांना! पूर्वी हे बेल न वाजवता आत जात आणि देवघरासमोर उभं राहून ओरडत, "काय, आहे का कोणी?"

आता जायचं तर परवानगी काढावी लागते असं ह्यांना वाटतं. मी असं कधी म्हटलं होतं?

२ फेब्रुवारी, सोमवार

चऱ्होलीची बातमी कळली.

आळंदीजवळच्या या गावात ज्योतीरामांच्या मुलाने, रणजीतने, वडिलोपार्जित जागेत बंगला बांधलाय. दोन वर्षं आईवडिलांना बोलावतोय. ज्योतीराम जायला तयार नव्हते. आता एकदम तयार झाले. रविवारी टेम्पो येणार.

मंजुळाबाई माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाल्या, "हितं मन लागंना झालंय त्यांचं. आदी रणजीत बोलवायचा तवा म्हनायचे, लक्ष्याला टाकून न्हाई येत. त्याला देव न्हाई, निदान मी तरी नको का? आता म्हनत्यात, त्याला माझी अडचन व्हती, वैनींनीच सांगितलं."

मी म्हणाले, भाजी करपतेय. करपत नव्हती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना चऱ्होलीचं सांगितलं. ह्यांनी पेपर उलटा धरला होता. सरळ केला.

तोडगा माझ्याकडे आहे. वादात माणूस महत्त्वाचा नसतो, बाजू महत्त्वाची असते. ज्योतीराम गेले तरी त्यांची बाजू कोणीही मांडू शकतो. उद्यापासून मी.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ज्योतीरामांच्या खुर्चीत बसले आणि देवाची बाजू घेतली. रात्री मुद्दे काढून ठेवले होते. आधी कार्यकारणभाव, मग विश्वाची रचना. एकही शब्द जास्त नाही. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पटलं." मग उठून आत गेले.

मी तिथेच बसून राहिले. समोरच्या बंद दाराबाहेर कोणाच्या चपलाही नव्हत्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. पद्धत बदलते. आज दोघांना चहाला बोलावलं, ज्योतीराम लंगडत आले. मी जाहीर केलं की नियम मागे घेतले आहेत. अरे-तुरे चालेल. टोमणेही चालतील. भांडा.

दोघे बसले. ज्योतीराम म्हणाले, "थंडी कमी झाली." हे म्हणाले, "हो, कमी झाली." मी ह्यांना म्हणाले, त्यांच्या माळेवरून काहीतरी बोला. हे म्हणाले, "छान आहे." मी ज्योतीरामांना म्हणाले, तुम्ही गेटपासचं म्हणा ना. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी. वय झालं आता."

जाताना ज्योतीरामांनी कप स्वतः विसळून ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ चालू ठेवला. भांडी फारशी नव्हती.

७ फेब्रुवारी, शनिवार

काही सुचत नाही. ह्यांना म्हणाले, तुम्हीच जाऊन बोला. हे म्हणाले, "काय बोलू? देव नाही, हे एकच तर बोलत होतो मी त्याच्याशी. ते आता त्याला लागतं."

दिवा लावायचा राहिला. सवयच ती.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री

टेम्पो आला. जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे गैरसमज नको.

रणजीत आणि ज्योतीराम फ्रिजला दोर बांधत होते. मंजुळाबाई देवांचा स्टीलचा डबा घेऊन खाली आल्या. आत लाल फडक्यात गुंडाळलेले घरचे देव. त्यांना वर परत जायचं होतं आणि हात रिकामे फक्त ह्यांचे होते. "भावजी, धरा जरा" म्हणून त्यांनी डबा ह्यांच्या हातात दिला आणि निघून गेल्या.

मी लगेच पुढे झाले. म्हणाले, हे तुमच्या तत्त्वात बसत नाही, माझ्याकडे द्या. ह्यांनी दिला नाही. डबा कानाशी नेऊन हलवला आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "ज्योत्या, तुझा देव फारच हलका आहे रे! पितळ तरी खरं आहे का, का दुकानदाराने गंडवलं?"

ज्योतीरामांच्या हातातला दोर सुटला. मला वाटलं, झालं, संपलं. ते वळले आणि ओरडले, "तुला वजनच कळतं, भाव कळत न्हाई! म्हून तर दहा वर्सं प्रमोशन न्हाई झालं तुझं!" हे म्हणाले, "प्रमोशन तुझ्या नवसाने अडलं. नवस करताना नाव चुकवलंस, साहेबाचा मेहुणा वर गेला." ज्योतीराम म्हणाले, "आरं, चपला राखायची लाज वाटती ना तुला?" हे म्हणाले, "कोण म्हणालं? तुलाच माझी थट्टा लागते ना जिवाला?" ज्योतीराम म्हणाले, "कोन म्हनलं?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी टेम्पोचा नंबर पाहत होते.

मला बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. मिनल गॅलरीत येऊन उभी होती, वॉचमन हसत होता. रणजीत म्हणाला, "काका, भांडण गाडीत बसून करा, ड्रायव्हरला दुसरी ट्रिप हाय." दोघे पुढे ड्रायव्हरशेजारी चढले, डबा ह्यांच्या मांडीवर. मंजुळाबाई रणजीतच्या गाडीत. टेम्पो चौकात वळेपर्यंत आवाज ऐकू येत होता.

माझ्या प्रयोगाचा उद्देश संवाद हाच होता. तो साध्य झाला. मार्ग थोडा लांबचा पडला.

रात्री हे रिक्षाने आले. घसा बसला होता. भूक नाही म्हणाले, तिकडे पिठलं झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी

हे आता रोज सकाळी स्कूटरने चऱ्होलीला जाणार. तिकडचा गॅस कालच संपलाय, म्हणून चहा इथून. मी म्हणाले, मीही येते. काही बोलणार नाही, नुसती बसेन. ऐकायला बरं वाटतं. हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं.

हे चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "ज्योत्याला विचारून बघतो. तो म्हणतो, वैनी समोर असल्या की मला आपोआप आदर यायला लागतो."

विचारून बघतो म्हणाले, नाही म्हणाले नाहीत. नोंद करून ठेवते.

जाताना ह्यांच्या हातात दिलं: थर्मास, भरलेला. शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. ज्योतीरामांच्या पायाला लावायचं मलम. कप तीन.

त्यातला एक ह्यांनी पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला.