बंदरात मंत्री आला

डुआला, कॅमेरून

चि. हणमंतास भुजंगदादाचा आशीर्वाद. मी खुशाल हाय.

इथलं सरकार तेल अन् लाकडावर चालतं. काल बंदरात मंत्री येणार होता. सकाळीच आमच्या वखारीतले ओंडके बंदराच्या रस्त्यावर घसरले अन् हमाल एमाने खाली सापडला. जिता होता, पाणी मागत होता.

सायब म्हणाला, "आधी मंत्र्यासाठी रस्ता मोकळा करा."

क्रेनवाल्या पोलनं ऐकलं न्हाई, क्रेन एमानेकडं वळवली. सायबानं पोलला खाली ओढून कामावरनं हाकलून दिलं. भूकंपात आपण आबांना हातानं उकरून काढलं, तसा मी लई जोर लावला. ओंडका हलला न्हाई. मंत्र्याच्या गळ्यात हार पडेपर्यंत एमाने गेला.

माझ्या मुकुलला लातूरचा क्लास लागला का? आईला एवढंच सांग, भुजंगला बढती मिळाली. उद्यापासून क्रेन मी चालवणार.

तुझा,
दादा