तोच नंबर

सर, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. बातमी कळली तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत होते आणि निवडतच राहिले. वाईट एवढ्याचंच वाटलं, की तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं.

अमरावतीच्या आपल्या कॉलेजचं ग्रंथालय म्हणजे तुमचं राज्य. नवा स्कॅनर आला तेव्हा त्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. त्या साली आमचा कापूस हातचा गेला होता, तरी बाबांनी अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मला वनस्पतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. पहिलं पान आधीच फाटलेलं. मी ते चुलीपाशी बसून वाचायचे. मुळांच्या प्रकरणावर आईच्या बोटांचा हळदीचा डाग पडला. तुम्ही ते माझ्या पिशवीत पाहिलं, मागच्या बारकोडच्या रेघांवर स्कॅनर धरला आणि भरल्या ग्रंथालयात म्हणालात, "हरवलेल्या पुस्तकाचा हाच नंबर हाय. शिक्क्याचं पान कावून फाडलं?" पावती नव्हती. पुस्तक तुम्ही ठेवून घेतलंत आणि माझं हॉलतिकीटही अडवलंत.

दुसऱ्या दिवशी बाबा तुमच्या टेबलासमोर उभे आहेत. स्वतः विकत आणलेल्या पुस्तकासाठी हात जोडताहेत. "पोरीचं चुकलं सायेब, परीक्षेले बसू द्या तिले." तुम्ही मान वर न करता सही करता. बसस्टँडवर मी विचारलं, "बाबा, तुमी माफी कावून मांगतली?" ते म्हणाले, "तुयी परीक्षा गेली असती तं?" माझ्या पदवीच्या दिवशीही ते कॉलेजात आले नाहीत.

मी आता याच रेघांचं काम करते. साबणाच्या वडीवर आणि पुस्तकाच्या पाठीवर तेरा आकड्यांचा ईएएन, मालाच्या खोक्यावर जाड रेघांचा आयटीएफ, कुरिअरच्या पाकिटावर कोड १२८, ग्रंथालयाच्या चिकटपट्टीवर बहुधा कोड ३९. पाठीवरचा नंबर पुस्तक कोणतं ते सांगतो, प्रत कोणती ते नाही. एका आवृत्तीच्या हजारो प्रतींवर तोच नंबर असतो, सर. प्रत ओळखायची तर ग्रंथालयानं त्या प्रतीला दिलेला दाखल क्रमांक लागतो. एवढं साधं तुम्हाला कळलं नाही, आणि विचारायचीही लाज वाटली. नव्या ग्रंथपालांना शिकवताना मी तुमचा किस्सा सांगते, नाव घेऊन सांगते. लोक हसतात आणि मला बरं वाटतं. अजूनही.

गेल्या महिन्यात तुमच्याच ग्रंथालयातल्या पुस्तकांना बारकोडच्या पट्ट्या लावायचं काम मला मिळालं. तिसऱ्या कपाटात ते पुस्तक होतं. आत तुमचा शिक्का, आणि मुळांवर हळद. त्याला मी पट्टी लावली नाही. सरळ पिशवीत घातलं. तुम्ही म्हणाला होतात ती चोरी अशी शेवटी झाली.

घरी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "त्या सायबानं वापस देल्लं का?"

मी म्हटलं, "हो बाबा. मराच्या आंधी देऊन गेले. माफी मांगतली तुमची."

तुमच्या बाजूनं मी एवढं एकच बोलले आहे, सर, आणि तेही खोटं.