कॅरॅव्हॅनमधला थेंब

शनिवार, ६ ऑगस्ट, संध्याकाळ. वाघोली.

उद्या सासूबाई आमच्याबरोबर कोकणात येणार की नाही, हे आज एका थेंबावर अडलं होतं. गाडीमागे जोडायची ही कॅरॅव्हॅन आम्ही हौसेनं घेतली, पण एसी लावला की त्याच्या जाळीच्या कडेला थेंब जमतो आणि गादीवर पडतो. गादी ओली राहिली तर आईंचा दमा उसळणारच. दुपारभर मी तो थेंब पुसत बसले. ह्यांनी एसी आणखी गार केला, तर थेंब आणखी भराभर पडायला लागले.

शेवटी आईच दारात आल्या. "अगं, खिडकी उघडी कशाला? सगळ्या वाघोलीला गार करतेस का?"

"हवा खेळती राहावी म्हणून. तुमच्यासाठीच, आई."

"पावसाची दमट हवा आत घेतेस, तीही माझ्यासाठी?"

खरंच की. बाहेरची ओल मीच आत बोलावत होते. खिडकी लावली, ओले टॉवेल बाहेर काढले, एसी पंचवीसवर आणला. तासाभरानं जाळी कोरडी. इतकं साधं मला कसं सुचलं नाही? काळजीपोटी बहुधा.

आई गादीवर ऐसपैस आडव्या झाल्या. श्वास अगदी शांत.

"मी इथेच झोपणार," म्हणाल्या. "तुम्ही दोघं कुठे मावताय ते बघा."