वाकड्या काड्या यादविगाकडे नेण्याबाबत

मी, फ्लोरियन वेंता, वय एकोणऐंशी, धंदा भाड्याच्या होडीवर गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणे (आता बंद), राहणार सेंट अॅग्नेस बंदर, ह्यूरन सरोवर, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणवत नाही. स्वादुपिंडात जे वाढते आहे ते मला पुढचा बर्फ पाहू देणार नाही असे डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटले. कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेले नाही. याआधी केलेले मृत्युपत्र आज सकाळी मी शेगडीत घातले. त्यात सगळे माझी पत्नी यादविगा हिला दिले होते. यादविगाला आता काही देता येत नाही.

कलम पहिले. राहते घर, मागच्या शेडसह, माझा मुलगा जेरार्ड यास द्यावे. तो अॅरिझोनाच्या वाळवंटात लोकांना पोहण्याचे तलाव विकतो आणि त्याचे बरे चालले आहे. तो घर विकणार हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मिळाले तर त्याचे नशीब, कारण आमच्या रस्त्यावर दिवे लागणारी घरे आता थोडीच उरली आहेत. तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम दुसरे. बँकेत जे आहे ते यादविगा जिथे राहते त्या शुश्रूषागृहाला तिच्या खर्चासाठी जावे. अंत्यविधी साधा करावा. चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवावे, सॉसेज आणि आंबट कोबी पोटभर असावा, आणि मी किती गोड स्वभावाचा होतो असे कोणीही उठून सांगू नये. लोक जेवत असतात, त्यांना ठसका लागेल.

कलम तिसरे. माझी होडी 'सेंट बार्बरा' जो ओढून नेईल त्याला फुकट द्यावी. ती कोणाला हवी आहे का, हे मी तीन बंदरांत विचारून आलो. सरोवरातला चारा-मासा एका वर्षी संपला, मागोमाग मोठे सॅमन उपाशी मेले, आणि सरकारने आमच्या बंदरात पिल्ले सोडणे बंद केले. मोटेल बंद पडले, त्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. आमिषाचे दुकान होते तिथे आता काहीच नाही. वसंतात थोडे सॅमन अजून काठाला येतात, तेवढ्यासाठी कोण होडी पाळणार?

कलम चौथे. यात माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हे तपासणाऱ्या वकीलबाईंनी आडवे येऊ नये.

बर्फ वितळला की काठाजवळचे पाणी आधी कोमट होते. बारके मासे तिकडे येतात आणि त्यांच्यामागे सॅमन येतो, माणूस उभा राहील इतक्या उथळ पाण्यात. तिथे होडी नेली तर इंजिनाच्या आवाजाने तो पळतो. म्हणून होडी खोल पाण्यात हळू चालवायची आणि प्रत्येक दोरीला एक फळी लावायची. फळी तिरकी पोहत दोरीला काठाकडे ओढून नेते, आणि तिच्या बऱ्याच मागे आमची काडी धावत असते. काडी म्हणजे निमुळता, बोटभर लाकडी खोटा मासा. तिच्या नाकाशी तारेचा एक डोळा असतो, त्यात दोरी बांधतात. तो डोळा केसभर जरी कलला, तरी काडी एका अंगाला पळते, उलटी होते आणि शेजारच्या सगळ्या दोऱ्यांचा गुंता करून ठेवते.

डोळा सरळ करावा तर यादविगाने. काडी आपल्या नाकाशी धरायची, स्वतःचा एक डोळा मिटायचा, पक्कड लावायची आणि जेमतेम दाबायची. झाले. पलीकडच्या बंदरांतले कप्तान टोपी हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसलेले मी पाहिले आहेत. ती पिठाचे हात पुसायची आणि म्हणायची, "ठेव तिथे. पिएरोगी झाल्या की बघते."

आज ती मला ओळखत नाही. जेरार्डला ओळखत नाही. चमचा कशासाठी असतो हे कधी कधी तिला आठवत नाही. पण हातात वाकडी काडी आणि पक्कड दिली की तिचे हात चालू लागतात, आणि तेवढा वेळ ती माझी बायको असते. म्हणून आठवडाभर मी घरी बसून चांगल्या काड्यांचे डोळे वाकडे करतो आणि रविवारी तिच्याकडे नेतो. गळ काढून न्यावे लागतात, तिथल्या नर्सबाई तपासतात. पक्कड त्यांच्याच टेबलाच्या खणात असते, मागून घ्यावी.

डोळा केसभरच वाकवायचा, आणि तोही अंगठ्याने. एकदा घाईत मी पक्कडीने पिळला, तर तिने काडी माझ्या अंगावर फेकली. "हे कुठल्या गाढवाने केलं?" म्हणाली. मी म्हटले, "असेल कोणी बंदरावरचं." "त्याला होडीत घेऊ नका," ती म्हणाली. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

माझ्यामागे हे कोण करणार, एवढीच मला चिंता आहे. मरणाची नाही. जेरार्डला फोनवर विचारले. तो म्हणाला, "बाबा, आई मला ओळखतसुद्धा नाही. एवढा विमानाने येऊन मी तिच्यासमोर खेळणी वाकवत बसू?" तो वाईट मुलगा नाही. त्याला समुद्र काय, सरोवर काय, लहानपणापासून होडीत उलट्या व्हायच्या. नर्सबाईंना विचारले, तर त्यांच्यामागे पूर्ण मजला आहे.

तेव्हा सर्व काड्या, फळ्या आणि दोऱ्या मी यादविगाचा धाकटा भाऊ क्लेमेन्स स्मोलिन्स्की यास देत आहे. हे वाचून बंदरावरच्या लोकांच्या हातातले कॉफीचे कप खाली पडतील. पडू द्यावेत.

क्लेमेन्सशी मी बावीस वर्षे बोललो नव्हतो. एका एप्रिलच्या सकाळी माझ्या फळ्या काठाला लागलेल्या, यादविगा माझ्या शेजारी, आणि हा पठ्ठ्या आपली होडी घेऊन माझी होडी आणि माझ्या फळ्या यांच्यामधून गेला. आमच्यात याहून मोठे पाप नाही. माझ्या त्या बाजूच्या सगळ्या दोऱ्या त्याच्या इंजिनाच्या पंख्यात गेल्या. वर हात हलवून हसला. सख्ख्या बहिणीची होडी दिसली नाही म्हणतो, आणि मी ते आजही मानत नाही. या मृत्युपत्राने मी त्याला काड्या देतो आहे, माफी नाही.

पण उथळ पाण्यात काडी ओढणारा आता तोच एक उरला आहे. म्हणून गेल्या महिन्यात मी धक्क्यावर त्याच्या होडीपाशी जाऊन उभा राहिलो.

"काय दाजी," तो मान वर न करता म्हणाला, "रस्ता चुकलात?"

मी सगळे सांगितले. आजाराचेही. तो दोरी गुंडाळत राहिला.

"म्हणजे मी चांगली काडी मुद्दाम वाकडी करायची."

"तुला शिकवायला नको. वाकडं वागायची सवय आहे तुला."

तो हसला नाही. "मी गेलो होतो, दाजी, ताईला भेटायला. तुम्हाला सांगितलं नाही. तिला वाटलं मी नळ दुरुस्त करायला आलोय. न्हाणीघर दाखवलं मला. मी आत जाऊन नळ सोडला, बंद केला आणि बाहेर आलो. म्हणाली, किती झाले?"

"मग?"

"मग काय? पुन्हा गेलो नाही. मला नाही बघवत ते."

"मला बघवतं का?"

त्यावर त्याने "बघू" एवढेच म्हटले. आमच्याकडे बघू म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

वकीलबाई म्हणतात, अशी अट कायद्यात टिकणार नाही. तो काड्या घेऊन घरी बसला तरी त्याला कोणी काही करू शकत नाही. ठीक आहे. मग ही अट समजू नये. क्लेमेन्स, मी तुला विनवतो आहे. आयुष्यात तुझ्यापुढे हात जोडण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

कलम पाचवे. हे कालपर्यंत लिहायचे नव्हते.

गेल्या खेपेला तिने काडी घेतली, एक डोळा मिटला, पक्कड लावली आणि मला परत देत म्हणाली, "झाली सरळ." ती सरळ नव्हती. मी नेली होती त्याहून वाकडी झाली होती. तरी मी ती पाण्यात नेली. का नेली, ते सांगता येणार नाही. फळीमागे सोडताच ती उलटी झाली आणि तिने सगळ्या दोऱ्या एकत्र केल्या. मी इंजिन बंद करून गुंता सोडवत बसलो आणि रडलो. म्हणजे आता तिचे हातही विसरू लागले. क्लेमेन्स, तुझी पाळी येईल तेव्हा कदाचित काहीच उरले नसेल. तरी जा.

काल रविवार होता. तिने विचारले, "ती धावली का?"

"बाणासारखी," मी म्हणालो. "मोठा सॅमन लागला."

तिने माझा हात धरला. कोणाचा धरते आहे हे तिला माहीत नव्हते.

"माझ्या नवऱ्याला सांगाल का तेवढं?" ती म्हणाली. "त्याला वाटतं, मला आता जमत नाही. उगाच काळजी करत बसतो."

मी सांगतो म्हणालो.

क्लेमेन्स, ती तुलाही हेच सांगेल. मी गेलो हे तिला कळवू नकोस. तिला म्हण, सांगतो.

हे मी वाचून, समजून, खाली सही करत आहे.

फ्लोरियन वेंता

आमच्यासमक्ष सही केली. सही करताना गृहस्थ शुद्धीवर होते आणि पेन चांगले नाही म्हणून कुरकुर करत होते.

साक्षीदार १: डोलोरेस हिन्का, खानावळ चालक
साक्षीदार २: नॉर्बर्ट पिलार्स्की, बंदर व्यवस्थापक

(क्लेमेन्स स्मोलिन्स्की हे सहीच्या वेळी दाराबाहेर उभे होते. लाभार्थी असल्याने त्यांची साक्ष घेता आली नाही. आत या म्हटल्यावर आले नाहीत. शुश्रूषागृहाची भेटीची वेळ काय असते, एवढे विचारून गेले. — डो. हिन्का)

ठिकाण: सेंट अॅग्नेस बंदर
तारीख: १९ मे २०१४