हौदातल्या माशाची वलयं

मासा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा ओल्या फडक्यात धरून मी त्याला हौदातून काढला आणि लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत सोडला. पलीकडच्या ओसरीवरून माझी धाकटी बहीण तूरान ओरडली, "ताई, सिरका घालायला विसरू नकोस!"

 मी हात पुसले आणि हा कागद पुढे घेतला.

मी, माहलका अत्तारान, वय शहात्तर, अविवाहित, मुलींच्या शाळेतली निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार काशान, कुणाच्याही सांगण्यावाचून हे लिहून ठेवते. अल्ला एक आहे, मरण खरं आहे, आणि माझा हात अजून कापत नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. घर. वडिलांनी घराचे दोन भाग केले. हौदाच्या उत्तरेकडच्या खोल्या, जिथे हिवाळाभर ऊन येतं, त्या तूरानला. दक्षिणेकडच्या, जिथे ते येत नाही, त्या मला. सही करताना ते आजारी होते आणि उशाशी तूरान बसली होती. "ताईला पुस्तकांपुढे ऊन लागतंय कशाला," असं ती म्हणाली. सोळा वर्षांत मी हे वाक्य विसरलेले नाही. माझ्या खोल्या तूरानला द्याव्या. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. ती तिकडे भाजून निघते आणि इकडे यायला मागत नाही.

२. बँकेत जे असेल त्याचा तिसरा भाग, जेवढ्यावर शरियतीप्रमाणे माझा शब्द चालतो, शाळेच्या प्रयोगशाळेला. बाकी तूरानला.

३. सूक्ष्मदर्शक माझी जुनी विद्यार्थिनी नस्तरन हिला. वर्गात ती एकटीच अशी होती, की दिसलं नाही तर "दिसलं नाही" म्हणायची.

४. मासा. इराणी सन १३६२च्या नवरोजला, वसंतातल्या वर्षारंभी, आमच्या भावानं, जहानशाहनं, तो बाजारातून आणला. लाल, बोटाएवढा. सणाच्या वाडग्यातले मासे सहसा सण संपेपर्यंत मरतात. हा तेराव्या दिवशीही जिवंत होता, म्हणून त्याला हौदात सोडलं.

लोक म्हणतात, मासा भांड्याएवढाच वाढतो. हे चूक आहे, असं मी बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. भांडं त्याला थांबवत नाही. थोड्या पाण्यात त्याची स्वतःची घाण साचते, ती थांबवते. पाणी बदलत राहा, अन्न द्या, ऊब द्या, गर्दी कमी करा. मासा बरणीतही वाढेल. थंडीत तो जवळजवळ वाढत नाही. हे सगळं त्याच्या खवल्यावर उमटतं, झाडाच्या खोडात उमटतं तसं. दर वर्षाचं एक वलय. चांगल्या वर्षाचं रुंद, उपासाच्या वर्षाचं अरुंद.

गेल्या हिवाळ्यात मला या माशाचा एक गळालेला खवला मिळाला. बहुतेक वलयं केसासारखी होती. चार रुंद होती. मी बाहेरून आत मोजत गेले. १३८८, तूरानचा नवरा गेला. १३७९, वडील. १३७१, आई. १३६५, जहानशाह, युद्धाच्या आघाडीवर.

मी कारण शोधलं. घरात कुणी गेलं की माणसं येतात, भात आणि रोटीचे तुकडे पाण्यात पडतात, मासा खातो. या उत्तरानं माझं समाधान झालं. मग लक्षात आलं की चौघंही थंडीत गेली. वाढ त्याआधीच्या उन्हाळ्यात होऊन गेलेली असते. तेव्हा ती चौघं घरात जेवत होती.

त्या वर्षांची हवामानाची नोंद मागवली. उन्हाळे इतरांसारखेच होते. हौदातल्या दुसऱ्या माशांचे खवले पाहिले. त्यांत तसं काही नाही.

यंदा फरवर्दीनच्या तेरा तारखेला, दीड महिन्यापूर्वी, मासा एकवीस सेंटिमीटर होता. काल पंचवीस. इतका वेग मी कुठल्याही माशात पाहिलेला नाही, तेव्हा हिवाळ्यापर्यंत वेळ आहे असं मी धरत नाही.

या घरात आता आम्ही दोघीच राहतो.

आधी माझ्या मनात आलं, तूरान असेल तर असो. हे लिहून ठेवते. तो विचार दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ती हौदावर भांडी घासताना खोकली आणि मी खिडकीपर्यंत धावले.

म्हणून मासा बरणीत आहे. पाणी बदलू नये. रोज एक पेला जुनं काढून एक पेला नवं घालावं, जगण्यापुरतं, वाढण्यापुरतं नाही. अन्न घालू नये. माझ्यामागे त्याला शाळेच्या तळ्यात सोडावं, या घरात ठेवू नये.

आत्ता तूरान चहा घेऊन आली होती. बावीस दिवसांनी माझ्या बाजूला आली.

"बाईसाहेब, त्याला कैदेत टाकलंत. गुन्हा काय?"

"खातो फार."

"मग मलाही घाल एखाद्या बरणीत. काय लिहितेस?"

"मृत्युपत्र."

"अगं बाई! मला काय ठेवलंस?"

"सावली."

"तेवढीच राहिली होती," ती म्हणाली आणि हसत हसत साखरेचा खडा तोंडात टाकला. जाताना बरणीवर टकटक करून माशाला म्हणाली, "ताईचं मनावर घेऊ नकोस, ती शाळेतही अशीच होती."

मी तिला काही सांगितलेलं नाही. ती आधी हसेल, आणि मग तिला झोप लागणार नाही. चौथं कलम तिला माझ्यामागे वाचून दाखवावं.

५. मला आईशेजारी पुरावं. यहया काकांच्या बाजूला नको. जिवंतपणी ते फार बोलत.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं. साक्षीदारांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही.

माहलका अत्तारान (सही)

साक्षीदार: अताउल्ला सब्बाग, औषध दुकानदार (सही)
साक्षीदार: नस्तरन कुलाहदूज, शिक्षिका (सही)

काशान, २८ ओर्दिबेहेश्त १३९५

दुसऱ्या दिवशीची नोंद, माझ्याच हातची.

पहाटे नमाजाला उठल्यावर तूरानला मासा पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसला. तिनं भरलेली बरणी एकटीनं उचलली आणि हौदात ओतली. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "सोडला गं त्याला. जीव घुसमटत होता बिचाऱ्याचा. रोटीही घातली." तिला दम लागला होता. जरा पडते म्हणाली. आठ वाजता मी चहाला बोलवायला गेले, तेव्हा तूरान गेलेली होती. डॉक्टरांनी हृदय लिहिलं आहे. पहिलं कलम रद्द समजावं.